घरगुती मसाल्याला दुकानाची मागणी आली आहे: भाव, कर्ज आणि नोंदणी यांविषयी सल्ला हवा

कऱ्हाडची मसालेवाली, 4 जुलै 2025

मी कऱ्हाडला राहते. गोडा मसाला, मेतकूट आणि चकलीची भाजणी घरी करून विकण्याचे काम मी गेली काही वर्षे करत आहे. सुरुवात सोसायटीतल्या ओळखीच्या घरांपासून झाली. आता व्हॉट्सॲपवर मागण्या येतात, पुण्या-मुंबईला पार्सलने माल जातो आणि बंगळुरूच्या काही मराठी कुटुंबांना अधूनमधून कुरिअरने मसाला पाठवते. खप मुख्यतः गोड्या मसाल्याचा आहे आणि तो महिन्याला पंधरा-वीस किलोंच्या पुढे सहसा जात नाही. साहित्याचा खर्च किलोला साधारण 410 रुपये येतो, डंकावर कुटून घ्यायला 40 रुपये लागतात आणि मी तो 720 रुपये किलोने विकते. म्हणजे किलोमागे 270 रुपये सुटतात असा माझा हिशेब आहे.

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका दुकानदारांनी दरमहा 50 किलो गोडा मसाला घेण्याची तयारी दाखवली. त्यांनी दोन पर्याय पुढे ठेवले आहेत. पहिला असा की, माझ्या नावाची 100 ग्रॅमची पाकिटे ते ठेवतील आणि छापील किमतीवर 30 टक्के कमिशन घेतील. दुसरा असा की, मी सुटा मसाला पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत 540 रुपये किलोने द्यावा आणि ते तो स्वतःच्या दुकानाच्या नावाने विकतील. दोन्ही पर्यायांत पैसे 60 दिवसांनी मिळतील.

घरात यावर बरीच चर्चा झाली. दिरांचे म्हणणे असे की, पाच लाखांचे कर्ज काढून कांडप यंत्र आणि भाजणीचे यंत्र घ्यावे, आणि कर्ज यजमानांच्या नावावर काढावे, कारण ते नोकरीत असल्यामुळे बँक त्यांना लवकर देईल. यजमान स्वतःच्या बचतीतले दीड लाख रुपये देण्यास तयार आहेत. सासूबाईंना मात्र मसाल्याचे प्रमाण घराबाहेर जाण्याची काळजी वाटते. माझ्याकडे सध्या कोणतीही नोंदणी नाही. ही मागणी स्वीकारावी का, भाव काय लावावा आणि आधी कोणती कागदपत्रे करावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पिंपरीची लघुउद्योजिका, 4 जुलै 2025

ताई, नोंदणीची कागदपत्रे करणारे आपल्याला गल्लोगल्ली भेटतील. त्यामुळे मी आधी भावाविषयीच लिहिते. आपण सांगितलेले 270 रुपये हा नफा नाही. त्यातून गॅस, पाकिटे आणि पार्सल यांचा खर्च वजा झालेला नाही, घट धरलेली नाही, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपली स्वतःची मजुरी त्यात कुठेच नाही. घरातून व्यवसाय करणाऱ्या बहुतेक बायकांच्या हिशेबात हीच एक ओळ कोरी असते, कारण स्वयंपाकघरातल्या कष्टांचे पैसे मांडण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नसते.

दहा किलो कच्च्या मालाचा एक घाणा धरून हिशेब मांडते. आकडे काही आपले आहेत, काही मी अंदाजाने धरले आहेत. आपण आपले घालून पाहावेत. साहित्य 4,100, कांडप 400, गॅस 150. दगडफुलातली माती आणि काड्या निवडून काढल्यावर, धने-खोबरे भाजल्यावर आणि शेवटी चाळल्यावर दहा किलोंचे साधारण 9.2 किलो हाती लागतात. त्याची 100 ग्रॅमची 92 पाकिटे होतील. पाकीट आणि लेबल मिळून पाच रुपये धरले तरी 460 रुपये झाले. खोके आणि पार्सलचे 100 धरा. आता वेळ पाहू. निवडणे आणि वाळवणे पाच तास. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो, तीळ आणि नागकेशर तर नजर न हलवता, त्याला पाच तास. डंकावर जाणे, रांगेत थांबणे आणि परत येणे तीन तास. चाळणे एक तास. वजन करून भरणे, सील करणे आणि लेबल चिकटवणे चार तास. हे अठरा तास झाले. तासाला 70 रुपये ही काही मोठी मजुरी नव्हे, तरी तिचे 1,260 होतात. एकूण 6,470 रुपये, त्याला 9.2 ने भागले की किलोला सुमारे 703 रुपये पडतात.

म्हणजे 720 ने विकताना आपल्याला केवळ मजुरी सुटत आहे. व्यवसायाला नफा असा किलोमागे 17 रुपये. आता दुकानदारांचे प्रस्ताव या आकड्यावर घासून पाहा. छापील किंमत 720 ठेवून 30 टक्के कमिशन दिले, तर आपल्या हाती 504 रुपये येतात. मजुरी शून्य धरली तरी रोख खर्चच किलोला 566 आहे. म्हणजे आपण अठरा तास राबून वर किलोमागे 62 रुपये खिशातून भराल. दुसऱ्या पर्यायात पाकिटांचा खर्च आणि भरण्याचे चार तास वाचतात, तरीही 540 च्या भावाने एका घाण्यामागे 218 रुपये उरतात, म्हणजे चौदा तासांच्या कामाला तासाला साधारण 16 रुपये. इतक्या मजुरीवर आपण कोणाला कामावर ठेवू शकाल का, हे स्वतःला विचारावे.

दुकानात माल ठेवायचाच असेल, तर भाव उलट्या बाजूने काढावा. 703 वर दहा टक्के नफा धरला तर दुकानाला 773 च्या खाली देता येत नाही. कमिशन 30 टक्के असेल तर छापील किंमत किलोला 1,104 होते, 20 टक्क्यांवर आणली तर 966. म्हणजे 100 ग्रॅमचे पाकीट 110 किंवा 97 रुपयांचे. त्या दुकानात आज ज्या घरगुती मसाल्यांची पाकिटे आहेत त्यांच्या किमती एकदा जाऊन पाहाव्यात आणि मगच बोलणी करावीत. छापील किंमत ठरली की घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही त्याच्या फार खाली विकू नये. दुकानदाराला ते कळतेच, आणि कळल्यावर तो पुढची मागणी देत नाही.

आणखी एक गोष्ट तासांची. महिन्याला 50 किलो म्हणजे साडेपाच घाणे, म्हणजे जवळजवळ 98 तास. आणि हे आपल्या आजच्या पंधरा-वीस किलोंच्या वर. घरचे सगळे सांभाळून हे आपल्या एकटीने होणार नाही, मदतनीस ठेवावी लागेल, आणि तिला दर आठवड्याला रोख पैसे द्यावे लागतील. आजवर जी मजुरी कागदावर नव्हती ती त्या दिवसापासून खरोखर हातातून जाऊ लागेल. म्हणून भाव आजच तिच्यासकट धरावा.

यंत्राविषयी माझे मत स्पष्ट आहे: आत्ता नको. महिन्याला 70 किलो मसाला कुटला तरी डंकाचे आपले सुमारे तीन हजार रुपये जातात. पाच लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला 10,900 च्या आसपास बसतो. चांगला वजनकाटा आणि पाकिटे बंद करायचे बँड सीलर एवढ्यावर पहिले वर्ष निघते. पावसाळ्यात माल वाळवण्याची अडचण मात्र खरी आहे. त्यासाठी छोटा ड्रायर कांडप यंत्राच्या आधी लागेल.

निवृत्त बँक अधिकारी, सांगली, 5 जुलै 2025

वरील ताईंच्या हिशेबात भर घालण्यासारखे फार थोडे आहे, त्यामुळे मी उधारी आणि कर्ज यांवरच लिहितो.

साठ दिवसांच्या उधारीत अडकणारी रक्कम आधी पाहा. रोख खर्च किलोला 566 धरला तर 50 किलोंना दरमहा सुमारे 28,000 रुपये लागतात. पहिल्या मालाचे पैसे येईपर्यंत तिसरा माल निघालेला असतो. म्हणजे एकाच दुकानाकडे आपले 85,000 रुपये कायम अडकलेले राहतील. यजमान देऊ करत असलेल्या दीड लाखांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम दुकानदाराच्या गल्ल्यात बिनव्याजी जाईल, असे म्हणायला हरकत नाही. शिवाय नवे धने फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात तेव्हा वर्षाचा माल भरून ठेवण्यातच मसाल्याच्या धंद्याचा बराचसा नफा असतो, आणि नेमके तेव्हाच हाताशी पैसे नसतील.

यावर कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 च्या कलम 15 नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 43ब च्या पोटकलम (ह) मुळे 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशा विलंबाने दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे आता दुकानदारही या मुदतीकडे लक्ष देतात. हे संरक्षण मागायचे तर आपल्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी आणि ती माल देण्याआधीच केलेली असावी. ही नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून होते आणि पूर्णपणे मोफत आहे. हजार-दोन हजार रुपये मागणारी मिळत्याजुळत्या नावांची खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे. अर्थात पहिल्याच व्यवहारात कोणी गिऱ्हाइकाला कलम दाखवत नाही. साठऐवजी तीस दिवस मागावेत, पंचेचाळिसावर यावे आणि ते कागदावर घ्यावे.

आता कर्ज कोणाच्या नावावर, याविषयी. नोकरी करणाऱ्या यजमानांना जे झटपट मिळेल ते बहुधा वैयक्तिक कर्ज असेल. त्याचा व्याजदर जास्त, त्याला अनुदान नाही, आणि चार वर्षे आपण हप्ते फेडले तरी बँकेच्या लेखी पत निर्माण होते ती यजमानांची. उद्या व्यवसाय वाढून आपल्याला वीस लाख हवे झाले, तर आपले नाव कोऱ्या पाटीसारखे असेल. आपल्याकडील बहुतेक स्त्रियांच्या नावावर घर नसते, जमीन नसते, म्हणून तारण देता येत नाही आणि शाखेत 'यजमानांना घेऊन या' असे ऐकावे लागते. परंतु सूक्ष्म व लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2010 मध्येच निघाला आहे. मुद्रा योजनेतील शिशु गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळते, तेही विनातारण.

आपल्या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटते ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. ती 2020 मध्ये सुरू झाली, आपल्या राज्यात कृषी विभागामार्फत चालते आणि चालू उद्योगालाही लागू होते. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आहे. स्वतःचा हिस्सा किमान दहा टक्के घालावा लागतो. अर्ज भरायला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिची माहिती तालुका कृषी कार्यालयात मिळेल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील स्त्रियांना 35 आणि शहरी भागात 25 टक्के अनुदान असून स्वतःचा हिस्सा पाच टक्केच आहे. पण त्यातील पहिले कर्ज नव्या उद्योगासाठी असते. दोन्हींत अनुदानाची रक्कम लगेच हाती येत नाही. ती बँकेत वेगळी ठेवली जाते आणि तीन वर्षांनी, खाते नियमित असेल तरच, कर्जात वळती होते. त्यामुळे 'अनुदान मिळते म्हणून यंत्र घेऊ' हा विचार करू नये. ज्या यंत्राचा हप्ता अनुदानाशिवाय परवडत नाही ते यंत्र अनुदानानेही परवडत नाही, असेच मी शाखेत येणाऱ्यांना सांगत असे.

आज एवढेच करावे: आपल्या एकटीच्या नावाने चालू खाते उघडावे आणि मसाल्याचा प्रत्येक रुपया, घरच्या खर्चात न मिसळता, त्यातूनच जाऊ द्यावा. वर्षभराचे असे खातेउतारे शाखा व्यवस्थापकासमोर ठेवले की पुढचे बोलणे सोपे होते.

अन्नप्रक्रियेतील एक, 5 जुलै 2025

नोंदणीविषयी थोडक्यात. अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नाही, नोंदणी पुरते; तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. घरचे स्वयंपाकघर चालते. महिन्याला 70 किलो, किलोला 773 या भावाने आपली उलाढाल साडेसहा लाखांच्या आसपास जाईल, त्यामुळे सध्या नोंदणीच. दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 खाली दहापेक्षा कमी कामगार असतील तर केवळ सूचनापत्र द्यायचे असते.

लेबलाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात आणि दुकानात गेलेला माल तिथेच अडकतो. पाकिटावर पदार्थाचे नाव, उतरत्या प्रमाणानुसार घटकांची यादी, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, चौदा अंकी नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ते, सर्व करांसह कमाल किंमत आणि एका ग्रॅमची किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क असे सगळे हवे. तिळाची सूचना वेगळी दिलेली बरी. पाकीटबंद माल विकू लागल्यापासून 90 दिवसांत वैधमापन, म्हणजे वजन-मापे तपासणाऱ्या, विभागाकडेही नोंद करावी लागते, आणि वजनकाटा त्यांच्याकडून पडताळून शिक्का मारलेला असावा.

सासूबाईंना सांगावे की यादीत घटकांची नावे येतात, प्रमाण येत नाही. गोडा मसाला कशाकशाचा होतो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गुपित आहे ते प्रमाणात आणि भाजण्यात.

लातूरच्या बचत गटातून, 6 जुलै 2025

वरील सर्वांनी दुकानाचा प्रस्ताव दुरुस्त कसा करावा हे सांगितले आहे. माझे मत थोडे निराळे आहे: पहिली दोन वर्षे दुकान नकोच, आणि दुकानाच्या नावाने सुटा मसाला तर कधीच देऊ नये. आपल्या मालाची चव गिऱ्हाइकाच्या तोंडी बसेल, पण नाव दुकानाचे बसेल, आणि उद्या त्यांना पाच रुपयांनी स्वस्त देणारी दुसरी कोणी भेटली की आपल्या हाती काही उरणार नाही. त्यापेक्षा आपले नाव आधी पक्के करावे. व्यापारचिन्हाचा अर्ज व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन केला तर एका वर्गासाठी 4,500 रुपये शुल्क आहे. मसाले आणि पिठे 30 व्या वर्गात येतात. तो अर्ज आपल्याच नावाने करावा. मालकी यजमानांची, सही दिरांची आणि राबणारी आपण, अशी रचना प्रेमाच्या घरातही पुढे गुंत्याची होते.

मदतनीस ठेवण्याविषयीही सुचवते. शेजारच्या दोघी-तिघींना मजुरीवर बोलावण्याऐवजी गट करून काम वाटून घेता येते का, ते पाहावे. लिज्जत पापडाचे काम 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केले, ते याच रीतीने वाढले: पीठ एका ठिकाणी मळायचे, पापड ज्याच्या त्याच्या घरी लाटायचे आणि लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेही त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठीच. मसाल्यातही निवडणे आणि पाकिटे भरणे हे काम वाटता येते. भाजणे आणि मिश्रण आपल्याकडे ठेवले की सासूबाईंचीही काळजी मिटते.

आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला माण देशी महिला सहकारी बँक आहे, हे आपल्याला माहीत असेलच. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने ती उभी राहत असताना, अर्जावर अंगठे उठवलेले आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला होता. त्या बायका अक्षरओळख शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांना करायला सांगा. 1997 मध्ये परवाना मिळाला. ग्रामीण बायकांना धंद्याचा हिशेब शिकवण्याचे वर्गही त्या चालवतात. माझ्या ओळखीच्या दोघींना त्यांचा खूप उपयोग झाला.

पिंपरीची लघुउद्योजिका, 6 जुलै 2025

दुकान नकोच, हे मला पटत नाही. थेट विक्रीत पैसे लगेच मिळतात हे खरे, पण प्रत्येक पाव किलोसाठी फोन घेणे, पत्ता लिहिणे, पैसे आले का ते पाहणे यातही वेळ जातो आणि तोही कोणी मोजत नाही. प्रदर्शनांचे भाडे आणि तिथे उभे राहण्याचे दिवसही मोजले तर थेट विक्री वाटते तितकी स्वस्त पडत नाही. 20 टक्के कमिशन, 45 दिवस आणि सुरुवातीला 50 ऐवजी 20 किलो, अशी बोलणी करून पाहायला काय हरकत आहे? दुकानाच्या नावाने माल देऊ नये, याच्याशी मात्र पूर्ण सहमत.

कऱ्हाडची मसालेवाली, 8 जुलै 2025

सर्वांचे मनापासून आभार. मी काल एका घाण्याची वेळ घड्याळ लावून लिहिली. भरण्याचे काम चारऐवजी साडेपाच तास चालले, कारण माझ्याकडे मेणबत्तीवर पाकिटे बंद करण्याचीच पद्धत आहे. दुकानदारांना मी सुटा माल देणार नाही असे कळवले आहे आणि आपल्या नावाच्या पाकिटांसाठी 20 टक्क्यांचा प्रस्ताव दिला आहे. ते दिवाळीपर्यंत 20 किलोंवर विचार करू म्हणाले. उद्यम आणि अन्न सुरक्षेची नोंदणी या आठवड्यात करत आहे.

दोन शंका उरल्या आहेत. यजमानांचे दीड लाख मी कसे घ्यावेत, म्हणजे पुढे करात अडचण येणार नाही? आणि माझी उलाढाल एवढी कमी असताना जीएसटीचा विचार करायची गरज आहे का?

करसल्लागार, ठाणे, 9 जुलै 2025

पहिल्या शंकेविषयी. यजमानांनी दीड लाख रुपये भेट म्हणून दिले तर त्या भेटीवर कर नाही. पण ते पैसे आपण व्यवसायात घातलेत की 1961 च्या आयकर अधिनियमाच्या कलम 64 नुसार व्यवसायाच्या उत्पन्नाचा त्या प्रमाणातला भाग यजमानांच्या उत्पन्नात मिळवला जातो. वर्षाच्या पहिल्या दिवशी व्यवसायात एकूण दोन लाख भांडवल असेल आणि त्यातले दीड लाख यजमानांच्या भेटीचे असतील, तर नफ्याचा तीन चतुर्थांश भाग त्यांच्या पगारात मिळून त्यांच्या दराने कर लागेल, जरी आपले स्वतःचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी. शिवाय ज्या व्यवसायाला आपण आपला म्हणता त्याचा मोठा हिस्सा कागदावर त्यांच्या नावाने दिसेल. म्हणून ही रक्कम कर्ज म्हणून घ्यावी: बँकेतून बँकेत, साध्या लेखी करारावर, वाजवी व्याजाने, आणि परतफेड खरोखर करावी. केवळ कागदापुरते कर्ज दाखवून परतफेड केली नाही तर त्याला अर्थ राहत नाही. मिळालेल्या व्याजावर यजमानांना कर भरावा लागेल, पण आपला नफा आपलाच राहील.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे खरे आहे. परंतु ही सूट राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की, उलाढाल कितीही कमी असली तरी, नोंदणी बंधनकारक होते. पुण्याच्या दुकानामुळे आपल्यावर काही बंधन येत नाही. बंगळुरूच्या कुरिअरमुळे येते. मसाल्यावर पाच टक्के कर आहे, आणि नोंदणी घेतली की तो पुण्या-मुंबईच्या विक्रीवरही लावावा लागेल, शिवाय विवरणपत्रे नियमित भरावी लागतील. लहान व्यावसायिकांसाठी असलेली एक टक्का कराची कंपोझिशन योजना इथे उपयोगी नाही, कारण तिच्यात परराज्यात माल पाठवता येत नाही.

त्यामुळे बंगळुरूची विक्री किती आहे ते आधी पाहावे. ती चार-पाच किलोंचीच असेल तर तूर्त बाहेर माल पाठवणे थांबवावे आणि त्या कुटुंबांना गावी आल्यावर कऱ्हाडहून घेऊन जाण्यास सांगावे. तीच विक्री वाढवायची इच्छा असेल तर दिवाळीच्या मागणीआधी, म्हणजे ऑगस्टमध्येच नोंदणी घ्यावी आणि छापील किंमत पाच टक्के धरून ठरवावी. पाकिटे एकदा छापून आली की किंमत वाढवायला नवी पाकिटे लागतात. ऑनलाइन विक्रीच्या मंचांवर जाण्याचा विचार असेल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती नोंदणीशिवायही परवानगी आहे, मात्र त्यासाठी जीएसटी संकेतस्थळावरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.